मुका रुग्ण आणि डॉ. हॅनिमन

घरातला कुत्रा लंगडू लागला की कुणीतरी अर्निकाच्या गोळ्या सुचवतेच. पोट बिघडले असेल तर नक्स व्होमिका. गोळ्या गोड असल्याने कुत्रा त्या निमूटपणे खातो आणि दोन-चार दिवसांत तो हिंडू-फिरू लागला की श्रेय गोळ्यांना मिळते. होमिओपॅथीचे जनक डॉ. सॅम्युअल हॅनिमन यांचे आयुष्य समजून घेतले, तर या श्रेयाकडे जरा सावधपणे पाहता येते.

हॅनिमन यांचा जन्म १० एप्रिल १७५५ रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, माइसेन या गावी झाला. चिनी मातीच्या भांड्यांसाठी हे गाव प्रसिद्ध होते आणि त्यांचे वडील त्या भांड्यांवर नक्षी रंगवण्याचे काम करत. घरची परिस्थिती बेताची होती. लाइपझिग आणि व्हिएन्ना येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. पैसे संपल्यावर मध्येच ग्रंथपालाची नोकरी केली आणि १७७९ मध्ये एर्लांगेन विद्यापीठाची पदवी मिळवली. त्यांना अनेक भाषा अवगत होत्या. पुढे संसार वाढला, अकरा मुले झाली, तेव्हा याच भाषाज्ञानाने घर चालवले.

पदवी मिळाली तरी वैद्यकीत त्यांचे मन रमेना. त्या काळी बहुतेक आजारांवर शीर कापून रक्त काढणे, जोरदार जुलाब देणे आणि पाऱ्यासारखी विषारी औषधे पाजणे हेच उपचार होते. आजारापेक्षा उपचारानेच माणसे खचत. १७९२ मध्ये सम्राट लिओपोल्ड दुसरे यांचे वारंवार रक्त काढले गेले आणि ते दगावले, तेव्हा हॅनिमन यांनी राजवैद्यांवर जाहीर टीका केली. त्याच्या काही वर्षे आधीच त्यांनी नियमित व्यवसाय सोडला होता आणि ते वैद्यकीय ग्रंथांची भाषांतरे करून गुजराण करत होते.

अशाच एका भाषांतराने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. १७९० मध्ये स्कॉटलंडचे डॉक्टर विल्यम कलन यांचा औषधांवरचा ग्रंथ ते जर्मनमध्ये आणत होते. हिवतापावर सिंकोनाच्या सालीचा गुण येतो, तो तिच्या कडू-तुरट चवीमुळे पोटावर होणाऱ्या परिणामाने, असे कलन यांचे म्हणणे होते. हॅनिमन यांना ते पटले नाही. त्यांनी स्वतःच काही दिवस सालीची मोठी मात्रा घेतली. हातपाय गार पडले, धडधड वाढली, अंग थरथरू लागले. ही लक्षणे त्यांना हिवतापासारखी वाटली. निरोगी माणसात जे औषध जशी लक्षणे निर्माण करते, तशाच लक्षणांचा आजार ते बरा करते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ‘समःसमं शमयति’ हे होमिओपॅथीचे पहिले तत्त्व इथून आले.

आज सालीचा गुण कशाने येतो हे ठाऊक आहे. हिवताप एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो आणि सालीतले क्विनाइन त्या परजीवीला मारते. पण हा परजीवी सापडला तो १८८० मध्ये, हॅनिमन यांच्या मृत्यूनंतर ३७ वर्षांनी.

१७९६ मध्ये त्यांनी आपला सिद्धांत प्रसिद्ध केला आणि १८१० मध्ये ‘ऑर्गेनॉन’ हा मुख्य ग्रंथ लिहिला. निरोगी माणसांना औषध द्यायचे, त्यांना काय काय जाणवते ते बारकाईने टिपायचे आणि रुग्णाची सगळी लक्षणे त्या नोंदींशी जुळवून एकच औषध निवडायचे, ही त्यांची पद्धत. औषध रुग्णाला देण्याआधी तपासावे, हा आग्रह त्या काळात मोलाचा होता.

दुसरे तत्त्व सौम्य मात्रेचे. औषधाचा एक भाग नव्व्याण्णव भाग पाणी-मद्यार्कात मिसळायचा, जोराने हलवायचा, त्यातला एक भाग घेऊन पुन्हा तेच करायचे. अशा झटक्यांनी औषधाची शक्ती वाढते, असे ते मानत. पण बाराव्या वेळेच्या सुमारास मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याचीही शक्यता मावळते. दुकानात सर्रास मिळणारी ३० पोटेन्सी म्हणजे एकावर साठ शून्ये इतक्या पटीने विरळ केलेले औषध. रेणूंची संख्या मोजण्याचा पहिला अंदाज १८६५ मधला, म्हणजे हा हिशेब हॅनिमन यांच्या हयातीत कुणालाच मांडता आला नसता.

जनावरांचे काय? लाइपझिगच्या ग्रंथालयात सापडलेल्या त्यांच्या एका हस्तलिखितात, हीच पद्धत पाळीव जनावरांनाही लागू पडते, असे त्यांनी मांडले आहे. पण इथे एक अडचण होती. त्यांची सगळी पद्धत रुग्णाने सांगितलेल्या बारीकसारीक जाणिवांवर उभी होती. कुत्रा यातले काहीच सांगू शकत नाही. त्याच्या वतीने मालक बोलतो आणि बरे वाटल्याचा निर्वाळाही मालकच देतो.

लाइपझिगचेच पशुवैद्य विल्हेल्म लुक्स यांनी ही पद्धत जनावरांसाठी वापरायला सुरुवात केली. १८३३ मध्ये त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. डिस्टेंपर झालेल्या जनावराच्या नाकातला स्राव विरळ करून तोच औषध म्हणून द्यावा, असे त्यांनी सुचवले. रोगानेच रोग बरा करण्याची ही कल्पना हॅनिमन यांना मान्य नव्हती. डिस्टेंपर विषाणूमुळे होतो हे १९०५ मध्ये समजले आणि खरी लस १९२० च्या दशकात तयार झाली. आज हा जीवघेणा आजार टळतो, तो त्या लसीच्या वारसांमुळे.

औषधे स्वतः बनवून देण्यावरून लाइपझिगच्या औषधविक्रेत्यांशी हॅनिमन यांचा वाद झाला आणि १८२१ मध्ये ते क्योटेनला गेले. पत्नीच्या निधनानंतर, १८३५ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना त्यांनी मेलनी या तरुण फ्रेंच स्त्रीशी विवाह केला आणि पॅरिसला जाऊन पुन्हा जोमाने व्यवसाय केला. २ जुलै १८४३ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे रुग्ण रक्तस्राव आणि पारा यांतून वाचले, हे त्यांच्या यशाचे एक मोठे कारण होते. काही न करणेसुद्धा त्या काळच्या उपचारांपेक्षा बरे होते.

आज तुलना बदलली आहे. अमेरिकेत संधिवाताने लंगडणाऱ्या कुत्र्यांच्या २०१२ मधील एका अभ्यासात, निव्वळ औषधहीन गोळी मिळालेल्या अनेक कुत्र्यांतही मालकांना सुधारणा दिसली. डॉक्टरांनाही दिसली. पाय जमिनीवर किती भार देतो हे यंत्राने मोजले, तेव्हा मात्र बहुतेकांत फरक नव्हता. ब्रिटनच्या पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजने २०१७ मध्ये होमिओपॅथीमागे मान्य पुरावा नसल्याचे स्पष्ट केले.

गोड गोळीने सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो वाया गेलेल्या वेळाने. पिल्लाला रक्ताचे जुलाब होत असतील, कुत्र्याला फिट येत असेल, धाप लागली असेल किंवा त्याने दिवसभर खाणे-पिणे सोडले असेल, तर पशुवैद्याकडे जाण्याआधी कोणताही प्रयोग करू नये. रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लशींना गोळ्यांचा पर्याय नाही. मूळ अर्क तर घरात जपूनच ठेवावेत. नक्स व्होमिका म्हणजे कुचला. त्यातले स्ट्रिक्नीन हे तेच विष आहे, ज्याने पूर्वी मोकाट कुत्री मारली जात.

ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे मानायचे नाही, स्वतः तपासून पाहायचे, हा धडा हॅनिमन यांनी १७९० मध्ये घालून दिला. तोच नियम त्यांच्या गोळ्यांना लावला, तर त्या टिकत नाहीत. आपल्याला काय दुखते ते सांगू न शकणाऱ्या जिवासाठी तर ही तपासणी अधिकच काटेकोर हवी.