एव्हरेस्ट यांची पृथ्वी आणि आपले नकाशे

हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टन या सर्वेक्षकाची कबर आहे. दक्षिणेत सुरू केलेली त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेत असताना जानेवारी १८२३ मध्ये त्यांचे तेथे निधन झाले आणि काम सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आले. सर्वांत उंच शिखराला ज्यांचे नाव आहे, तेच हे. ते शिखर मात्र त्यांनी मोजलेले नाही. त्यांनी मोजली ती पृथ्वीची वक्रता, आणि तिचे आकडे आजही संगणकातल्या नकाशांत भेटतात.

एव्हरेस्ट यांचा जन्म १७९० चा. सोळाव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यात दाखल झाले. जावा बेटावर सर्वेक्षण करून १८१८ मध्ये ते हैदराबादला लॅम्ब्टन यांच्या हाताखाली आले. कृष्णा-गोदावरीमधल्या जंगलात सारे पथक तापाने आडवे झाले, काही माणसे दगावली. एव्हरेस्ट यांना प्रकृतीसाठी आफ्रिकेच्या केपला जावे लागले. पुढे १८२५ मध्ये शरीर पुन्हा इतके खचले, की ते इंग्लंडला परतले आणि पाच वर्षे तिकडेच राहिले. या काळात त्यांनी आधीच्या मोजणीवर ग्रंथ लिहिला. १८३० मध्ये सर्व्हेअर जनरल होऊन ते भारतात आले.

गंगेच्या सपाट खोऱ्यात दुर्बीण ठेवायला टेकड्या नाहीत, म्हणून त्यांनी उंच मनोरे बांधले. धुरळ्यात दिवसा काही दिसेना, तेव्हा रात्री दिवे लावून कोन मोजले. स्वभावाने ते तापट होते. आकडेमोडीसाठी त्यांच्याकडे राधानाथ सिकदार हा तरुण बंगाली गणिती होता. १८४१ मध्ये कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतची सुमारे २,४०० किलोमीटरची मोजणी पूर्ण झाली. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. ती किती चपटी, याचे एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये दिलेले आकडे भारतीय उपखंडाच्या नकाशांचा पाया झाले. उपग्रह आल्यावर जीपीएससाठी डब्ल्यूजीएस ८४ ही वेगळी पृथ्वी ठरली. तिची विषुववृत्तीय त्रिज्या एव्हरेस्ट यांच्यापेक्षा सुमारे ८६० मीटर जास्त आहे आणि तिचा मध्यबिंदूही वेगळा आहे. त्यामुळे एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींत वेगळे येतात. पुण्याकडे हा फरक शंभर मीटरहून थोडा अधिक भरतो. जुन्या नकाशावरून घेतलेली विहीर मोबाइलच्या नकाशावर टाकली, तर ती सरळ पलीकडच्या वस्तीत जाऊन बसते. पाण्यातून पसरणाऱ्या आजाराचा माग काढणाऱ्यांसाठी ही साधी चूक नव्हे.

आणखी एक गंमत आहे. एव्हरेस्ट यांचे आकडे फुटांत होते. त्यांचे मीटर करताना फूट नेमका केवढा, यावर वेगवेगळ्या देशांत आणि वेगवेगळ्या काळात वेगळे गुणोत्तर धरले गेले. परिणामी सॉफ्टवेअरच्या यादीत एव्हरेस्ट हे नाव एकदा नव्हे, अनेकदा दिसते. एका नोंदीत त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर, दुसरीत ६३,७७,३०१. मूळ मोजणी मात्र एकच!

म्हणून नकाशाची फाइल दुसऱ्याला देताना केवळ बिंदू आणि रेषा पाठवून भागत नाही. शेपफाइल म्हणून ओळखला जाणारा प्रकार प्रत्यक्षात अनेक फायलींचा संच असतो. त्यातली पीआरजे ही छोटी फाइल हे आकडे कोणत्या पृथ्वीवरचे ते सांगते. ईमेलने पाठवताना नेमकी तीच गळते. मग समोरचे सॉफ्टवेअर विचारते किंवा स्वतःच काहीतरी गृहीत धरते, आणि दुसरी गोष्ट जास्त घातक, कारण नकाशा दिसतो तर व्यवस्थित. अशी फाइल हाती आली, तर पाठवणाऱ्याला मूळ संदर्भप्रणाली विचारावी आणि मगच रूपांतर करावे. अंदाजाने नाव लावले, की आकडे तेच राहतात आणि जागा बदलते.

भारताच्या २००५ च्या नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आणले. त्याआधीचे कागद आणि त्यांवरून केलेल्या फायली मात्र एव्हरेस्ट यांच्याच पृथ्वीवर आहेत.

शिखराला आपले नाव देण्याला एव्हरेस्ट यांचा विरोध होता. इथल्या लोकांना ते उच्चारता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही १८६५ मध्ये ते ठरले आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. ते स्वतः आपल्या आडनावाचा उच्चार ईव्हरेस्ट असा करत.