तळहातावरची शाळा

२००५ मध्ये आलेला ‘ब्लॅक’ सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल. ना दिसत, ना ऐकू येत अशा मुलीला शिकवणारा अमिताभ आठवतो ना? तो सिनेमा हेलन केलरच्या आयुष्यावरून सुचलेला. पण हेलनला शिकवलं ते एका विशीतल्या मुलीनं. तिचं नाव अ‍ॅनी सलिव्हन. हेलनचा धडा शाळेत सगळ्यांनी वाचला, अ‍ॅनी मात्र मागेच राहिली. म्हणून आज तिच्याविषयी.

अ‍ॅनीचा जन्म १४ एप्रिल १८६६ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. आईबाप आयर्लंडहून पोटासाठी आलेले. पाचेक वर्षांची असताना डोळ्यांना खुपऱ्या झाल्या आणि नजर अंधूक झाली. आठव्या वर्षी आई क्षयानं गेली. पुढे बापानंही हात वर केले. १८७६ मध्ये अ‍ॅनी आणि धाकटा भाऊ जिमी यांची रवानगी निराधारांच्या सरकारी आश्रमात झाली. काही महिन्यांतच जिमी गेला. उरली एकटी अ‍ॅनी.

१८८० मध्ये आश्रमाच्या पाहणीला बडी मंडळी आली, तेव्हा ही पोर त्यांच्या मागे लागली, मला शाळेत जायचंय म्हणून! तिचा हट्ट फळाला आला. चौदाव्या वर्षी ती बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल झाली. तेव्हा तिला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. शस्त्रक्रियांनी थोडी नजर आली. तिथेच राहणाऱ्या लॉरा ब्रिजमन या अंध आणि बहिऱ्या बाईंकडून ती बोटांची लिपी शिकली. सहा वर्षांत शिक्षण संपवलं, तेही वर्गात पहिली येऊन.

३ मार्च १८८७ ला ती अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावी केलरांच्या घरी पोहोचली. एकोणीस महिन्यांची असताना आलेल्या आजारपणात हेलनची दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेलं होतं. आता ती पावणेसात वर्षांची होती. जेवताना सगळ्यांच्या ताटात हात घालायची, मनासारखं झालं नाही की लाथा झाडायची. बिचारी म्हणून घरात तिला कुणी अडवत नसे. अ‍ॅनीनं अडवलं. मारामारीत तिचा एक दातही पडला! शेवटी आईवडिलांचं मन वळवून ती हेलनला घेऊन जवळच्याच छोट्या घरात दोन आठवडे राहिली. तिथे हेलन शांत झाली.

५ एप्रिलला पंपाचं पाणी हेलनच्या एका हातावर सोडून अ‍ॅनीनं दुसऱ्या हातावर पाणी हा शब्द बोटांनी लिहिला. प्रत्येक वस्तूला नाव असतं, हे त्या क्षणी हेलनला उमगलं.

मला यापुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. हेलनच्या नात्यातलं एक तान्हं बाळ बोलायला शिकत होतं. अ‍ॅनीनं त्याला नीट न्याहाळलं. बाळाला कुणी धडे देत नाही. आपण बोलत राहतो, ते ऐकत राहतं. मग तिनं वेळापत्रक बाजूला ठेवलं आणि दिवसभर हेलनच्या तळहातावर पूर्ण वाक्यांत बोलत राहिली. नदीकाठी खड्यांची धरणं, बेटं, तळी करता करता भूगोल झाला. १९०४ मध्ये हेलन पदवीधर झाली. कॉलेजातली व्याख्यानं अ‍ॅनीच तिच्या हातावर लिहीत होती, स्वतःचे डोळे दुखत असताना. २० ऑक्टोबर १९३६ ला ती गेली, तेव्हा तिची स्वतःची नजर पार गेली होती.

माझ्या कामात अशा मुलांच्या पुष्कळ आया भेटतात. जीव तोडून करतात, पण मुलाला घास भरवतात, त्याच्याशी बोलायचं मात्र राहून जातं. त्याला कुठे कळतंय, असं म्हणून. मैत्रिणींनो, २०१६ च्या कायद्यानं किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. जवळच्या शाळेत किंवा आपण निवडू त्या विशेष शाळेत. तो जरूर मागा. पण शाळेची वाट पाहत थांबू नका. भाजी निवडताना, पाणी भरताना त्याच्याशी बोला. कानानं नाही तर हातानं. त्याचं ताट त्याला वाढू द्या, सांडलं तर सांडू द्या. दया आली की अ‍ॅनीला आठवा.