हर्बर्ट चॅपमन : मैदानावरचा इंजिनिअर

होस्टेलच्या कॉमन रूममध्ये मॅच लागली की निम्मी पब्लिक टीव्हीवरच्या मॅनेजरला अक्कल शिकवत असते. डिफेंडर वाढव, त्याला मागे घे, चार-चार-दोन लाव! पण कुणाला कुठे उभं करायचं हे डोकं लावून ठरवणारा मॅनेजर ही गोष्टच एके काळी नवी होती. ती रुजवणाऱ्यांत मोठं नाव हर्बर्ट चॅपमनचं. आणि मित्रांनो, हा गडी आपल्याच बिरादरीतला, मायनिंग इंजिनिअरिंग शिकलेला!

चॅपमनचा जन्म १९ जानेवारी १८७८ चा, इंग्लंडमधल्या किव्हटन पार्क या खाणीच्या गावातला. वडील कोळसा खाणीत कामगार. पोरगा शेफिल्डच्या टेक्निकल कॉलेजात शिकला. खेळाडू म्हणून मात्र बेताचाच. १९०७ मध्ये नॉर्दम्प्टनने त्याला खेळाडू-मॅनेजर केलं आणि दोन वर्षांत संघाने सदर्न लीग जिंकली.

पुढे लीड्स सिटीत असताना घात झाला. महायुद्धाच्या काळात खेळाडूंना नियमाबाहेर पैसे दिल्याचा क्लबवर आरोप झाला. क्लबने हिशेबाची कागदपत्रं दिली नाहीत. १९१९ मध्ये क्लबला लीगमधून हाकललं आणि चॅपमनवर आजन्म बंदी आली. चाळिशी उलटलेली, करिअर खल्लास. पण युद्धात तो दारूगोळ्याच्या कारखान्यात मॅनेजर होता, या मुद्द्यावर अखेर बंदी उठली. १९२१ मध्ये तो हडर्सफील्डला आला आणि १९२२ चा एफए कप, मग १९२४ आणि १९२५ ची लीग, असा सपाटाच लावला.

१९२५ च्या उन्हाळ्यात त्याने आर्सेनल घेतलं. आदल्या मोसमात हा संघ २२ पैकी विसावा! त्याच वेळी ऑफसाइडचा नियम बदलला. आधी फॉरवर्डच्या पुढे प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू लागत, आता दोन पुरेसे झाले. तेव्हा संघ दोन-तीन-पाच असा उभा राहायचा. मागच्या दोघांपैकी एक पुढे सरकून ऑफसाइडचा सापळा लावायचा, दुसरा राखण करायचा. नव्या नियमात सापळा चुकला की समोर थेट गोलकीपर. पहिल्या डिव्हिजनमधले गोल एका वर्षात ११९२ वरून १७०३ झाले.

३ ऑक्टोबर १९२५ ला न्यूकॅसलने आर्सेनलला ७-० असं धुतलं. कॅप्टन चार्ली बकन आधीपासून सांगत होता, की सेंटर हाफला मागे खेचा. चॅपमनने आता ते मानलं. सेंटर हाफ दोन बॅकच्या मधे आला, बॅक बाजूला सरकून विंगरवर गेले. पण यंत्रातला एक भाग हलवला की बाकीचे हलवावेच लागतात. मधे खड्डा पडला, म्हणून एक इनसाइड फॉरवर्ड मागे आला. पुढे दुसराही आला. वरचे पाच मिळून डब्ल्यू, खालचे पाच मिळून एम आणि मधल्या चौघांचा चौकोन. दोनच दिवसांनी वेस्ट हॅमवर ४-० विजय! मोसमाअखेर आर्सेनल दुसरं आलं.

नुसत्या आकृतीने भागत नाही, तिच्यात बसणारी माणसं लागतात. मागे हर्बी रॉबर्ट्स सेंटर फॉरवर्डला सोडत नसे, आणि मधे अ‍ॅलेक्स जेम्स मिळालेला चेंडू लांब पासने पुढे धाडायचा. १९३० मध्ये एफए कप आला, तोही हडर्सफील्डला हरवून. १९३१ ची लीग ६६ गुण आणि १२७ गोलांसह, मग १९३३ ची. शर्टावर नंबर, फ्लडलाइट यांसाठीही तो भांडला. १९३२ मध्ये मैदानाजवळच्या भुयारी रेल्वे स्टेशनला आर्सेनल नाव मिळालं, तेही त्याच्याच खटपटीने.

जानेवारी १९३४ मध्ये अंगात सर्दी असतानाही तो तिसऱ्या फळीच्या पोरांची मॅच बघायला गेला. न्यूमोनिया झाला आणि ६ जानेवारीला तो गेला. वय ५५. त्याच्यामागे आर्सेनलने ती लीग जिंकली आणि पुढचीही.

आज डब्ल्यू-एम कुणी तसंच्या तसं खेळत नाही. पण सात गोल खाल्ल्यावर पोरांवर न खेकसता डिझाइन तपासायचं आणि खेळाडूचंही ऐकायचं, हे जमायला हवं. प्रोजेक्ट फसला की आधी पार्टनरवर ढकलणाऱ्या आपण सगळ्यांनी हे जरा मनावर घ्यावं!