धार कुणाची?

सुरुवातीलाच कबूल करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. दहावीपर्यंत मराठी म्हणजे एक पेपर, एवढाच आमचा संबंध. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. (संपादक मंडळाने त्या आधीच दुरुस्त केल्या असतील तर त्यांचे आभार!)

हा विषय मला व्हायव्हात सापडला. एक्स्टर्नल सरांनी टूल लाइफचं समीकरण विचारलं. व्ही गुणिले टीचा एनवा घात बरोबर सी. मी फाडकन सांगितलं. सर खूष. मग त्यांनी विचारलं, हे समीकरण देणारा टेलर कोण होता? मी म्हटलं, सायंटिस्ट. सर नुसते हसले आणि त्यांनी पुढचा रोल नंबर बोलावला. गंमत म्हणजे त्याच सेमिस्टरला मॅनेजमेंटच्या पेपरात स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे उभा राहणारा एक टेलर होता. हे दोघे एकच, हे मला माहीतच नव्हतं. हॉस्टेलवर विचारलं तर आमच्या विंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं!

नंतर मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे गेले. मामाच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. त्यात एक जुना लेथ, एक ड्रिल मशीन आणि एक ग्राइंडर. दुसरं कुणी घेत नाही ती कामं मामाकडे येतात. त्या दिवशी एका पिठाच्या गिरणीची पुली आली होती. जुनी फुटलेली, आणि तशी नवी बाजारात मिळेना. खाचेचा कोन नेहमीच्या टूलने येणारा नव्हता. मामाने पत्र्याचा तुकडा जुन्या खाचेत बसेल असा कापला, तोच गेज. मग हायस्पीड स्टीलचा अर्धा इंची चौकोनी तुकडा घेऊन ग्राइंडरवर त्याला तसा आकार द्यायला सुरुवात केली. थोडं घासायचं, पत्र्याला लावून उजेडाकडे धरून बघायचं, परत घासायचं. ना ड्रॉइंग, ना प्रोट्रॅक्टर.

मी हट्ट केला, म्हणून एक तुकडा मला दिला. मी जोर लावून दाबला आणि टोक चक्क निळं झालं. मला वाटलं, संपलं, जाळलं आपण टूल. घाबरून पाण्यात बुडवायला गेले तर मामाने हात धरला. त्याचं म्हणणं, निळं झाल्याने याला काही होत नाही, पण एवढं गरम एकदम पाण्यात घातलंस तर बारीक चिरा पडतील. जुनं कार्बन स्टील असतं तर मात्र निळं झाल्याबरोबर त्याचं पाणी उतरलं असतं. मी विचारलं, याचं का उतरत नाही? मामा म्हणाला, ते तुमच्या पुस्तकात असेल.

पुस्तकात एक ओळ होती. पण लायब्ररीत शोधत गेले तेव्हा त्या ओळीमागे पुन्हा तोच माणूस उभा!

फ्रेडरिक विन्स्लो टेलरचा जन्म 20 मार्च 1856 रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागात झाला. घर श्रीमंत, वडील वकील. मुलगाही वकील व्हावा म्हणून त्याला चांगल्या शाळेत घातलं. 1874 मध्ये हार्वर्डची प्रवेश परीक्षा तो उत्तम रीतीने पास झाला. पण डोळ्यांनी दगा दिला. रात्र रात्र दिव्याखाली वाचून डोळे गेले असं सगळ्यांना वाटलं आणि कॉलेजचा नाद सोडावा लागला. तो गेला कुठे? तर पंप बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात, पॅटर्नमेकर आणि मशिनिस्टचं काम शिकायला, अप्रेंटिस म्हणून. वकिलाचा मुलगा, हार्वर्डची सीट मिळालेला, आणि हातात कानस! आपल्याकडे असं झालं असतं तर घरात काय रामायण झालं असतं, कल्पना करा.

चार वर्षांनी, 1878 मध्ये, तो मिडवेल स्टील कंपनीत साधा मजूर म्हणून लागला. मग कारकून, मग लेथवर, मग गँगबॉस, फोरमन आणि अखेर चीफ इंजिनीअर. हे सगळं सहा वर्षांत. नोकरी करत करत अभ्यास करून 1883 मध्ये स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटची मेकॅनिकलची डिग्रीही घेतली. मधेच 1881 मध्ये अमेरिकेची टेनिस डबल्सची राष्ट्रीय स्पर्धाही जिंकली. (आपल्याकडे एक ड्रॉइंग शीट वेळेवर पूर्ण होत नाही. असो.)

लेथवर होता तोवर सोबतचे कामगार मुद्दाम हळू काम करतात हे त्याला ठाऊक होतं, तोही त्यांच्यातलाच होता. गँगबॉस झाल्यावर मात्र त्याने जास्त काम मागायला सुरुवात केली आणि दोनतीन वर्षं अक्षरशः युद्ध चाललं. मशिनं मोडली जायची, दंड व्हायचे. शेवटी तो जिंकला, पण दिवसभर आजूबाजूला रागावलेले चेहरे बघून जगणं फार वाईट असतं, असं त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. एका दिवसात किती काम व्हायला हवं हे कामगारालाही माहीत नाही आणि साहेबालाही नाही. मग भांडण कशाच्या जोरावर?

म्हणून 1880 मध्ये त्याने कंपनीचे प्रमुख विल्यम सेलर्स यांच्याकडे प्रयोगांची परवानगी मागितली. एका मोठ्या बोअरिंग मिलवर रेल्वे इंजिनाच्या चाकांचे कठीण पोलादी टायर चढवायचे आणि टूल बदलून बदलून कापत बसायचं. सहा महिन्यांत संपेल असा अंदाज होता. लागली 26 वर्षं!

पद्धत साधी होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. टूल बरोबर 20 मिनिटांत बाद होईल असा वेग कोणता, ते शोधायचं आणि त्यावरून टूलची तुलना करायची. अशा 12 गोष्टी निघाल्या: धातूचा कठीणपणा, कापाची खोली, फीड, टूलचं पोलाद, टोकाचा आकार, कोन वगैरे. टोकदार टूलपेक्षा गोल नाकाचं टूल जास्त वेगाने कापू शकतं, हे सुरुवातीलाच कळलं. कापाच्या जागी पाण्याची मोठी धार सोडली तर वेग सुमारे 40 टक्के वाढवता येतो, हेही कळलं. आपण लॅबमध्ये कूलंट चालू करतो तेव्हा हे कुणाच्या डोक्यात असतं?

आपलं समीकरण याच ढिगाऱ्यातून आलं. त्यातल्या एनची किंमत हायस्पीड स्टीलला साधारण एक अष्टमांश धरली तर वेग फक्त 10 टक्के वाढवला की टूलचं आयुष्य निम्म्याहून कमी होतं. वेग दुप्पट केला तर आयुष्य 256 पटींनी कमी! मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं.

आता निळ्या टोकाची गोष्ट. 1898 मध्ये टेलर बेथलेहेम स्टीलमध्ये आला. कुठलं टूल स्टील चांगलं हे त्याने तिथल्या लोकांना दाखवायचं ठरवलं, आणि सगळ्यांसमोर त्याचंच टूल हरलं. लाजिरवाणा प्रसंग. दुसरा असता तर पोलाद खराब होतं म्हणून मोकळा झाला असता. टेलरने मॉन्सेल व्हाइट या धातुतज्ज्ञाला बरोबर घेऊन टूलला दिलेल्या उष्णतेची तपासणी सुरू केली. चेरीसारख्या लाल रंगापुढे टूल तापवलं की ते जळलं, हा सगळ्या लोहारांचा नियम. तो खराही होता, साधारण 845 अंश सेल्सिअसच्या वर टूल खरंच बिघडायचं. पण हे दोघे तिथे थांबले नाहीत. 940 अंशांच्या पुढे, पार वितळायच्या बेतापर्यंत नेलं, तर टंगस्टन आणि क्रोमियम असलेलं तेच पोलाद एकदम वेगळं वागायला लागलं. कापताना टोक लाल झालं तरी धार टिकायची. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं: टूलचं नाक लालभडक, चिप्स निळ्या, आणि लेथ चालूच. मामाच्या शेडमधला तुकडा याच घराण्यातला. (पेटंट मात्र पुढे 1909 मध्ये कोर्टात टिकलं नाही.)

1906 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनीअर्सच्या संस्थेचा अध्यक्ष म्हणून त्याने हे सगळं जगापुढे मांडलं. तोवर 30 ते 50 हजार प्रयोगांची नोंद झाली होती आणि 8 लाख पौंड, म्हणजे साधारण 360 टन लोखंड-पोलादाच्या चिप्स झाल्या होत्या.

इथपर्यंत मी मामाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. पुढचं सांगताना जरा अडखळले.

कारण कोन ठरल्यावर टेलरने कामगाराच्या हातून ग्राइंडर काढून घेतला. टूलला धार लावायची ती टूलरूममध्ये, यंत्रावर, ठरलेल्या आकाराचीच. वेग आणि फीड किती हे कार्ल बार्थ या सहकाऱ्याने बनवलेल्या स्लाइड रूलवर ऑफिसात काढायचं आणि कार्डावर लिहून द्यायचं. कामगाराने कार्डाप्रमाणे चालवायचं. त्याच्या मते यातून मालकाचा नफाही वाढणार होता आणि कामगाराचा पगारही, आणि भांडण संपणार होतं. झालं उलटंच. 1911 मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रकारखान्यात स्टॉपवॉच आल्यावर मोल्डर संपावर गेले. 1912 मध्ये टेलरला संसदेच्या समितीपुढे दिवसेंदिवस उत्तरं द्यावी लागली. 21 मार्च 1915 रोजी, 59 वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, न्यूमोनियाने तो गेला. त्याच वर्षी सरकारी शस्त्रकारखान्यांत स्टॉपवॉचसाठी पैसा द्यायचा नाही असं संसदेने ठरवलं.

मामा बराच वेळ गप्प होता. मग त्याने एक गोष्ट सांगितली, जी आईनेही मला कधी सांगितली नव्हती. तो आधी एका कंपनीत टर्नर होता. त्याने घासलेली टूल्स इतर शिफ्टवाले मागून न्यायचे. मग एक दिवस नवी व्यवस्था आली, तयार इन्सर्ट आले, ग्राइंडर शॉपमधून उचलला गेला. काम सोपं झालं, माल चांगला निघायला लागला, हे तो मान्य करतो. पण आता तिथे आपलं काय काम, हे त्याला कळेना. वर्षभराने नोकरी सोडली आणि फंडाच्या पैशांत हा जुना लेथ घेतला.

मला टेलरचा राग यावा की नाही, ते अजून ठरत नाही. तो स्वतः लेथवर उभा राहिलेला होता. हातातलं ज्ञान मोजून कागदावर आणलं नसतं तर माझ्यासारखीला ते कधीच मिळालं नसतं, मामा नसलेल्या मुलांना तर नाहीच. पण कागदावर आलेलं ज्ञान परत त्या हातांकडे गेलं नाही, ऑफिसातच राहिलं. चूक मोजण्यात होती असं मला वाटत नाही, या वाटणीत होती.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात मी कॉलेजचा बेव्हल प्रोट्रॅक्टर आणल्यासारखी ऐट करत मामाची सगळी टूल्स मोजली. (प्रोट्रॅक्टर शेजारच्या वर्कशॉपमधून उसना होता.) कोन, कुठल्या धातूला, किती आरपीएम, सगळं एका दोनशे पानी वहीत लिहिलं. भिंतीवर खडूने लिहिलेले आकडेही उतरवून घेतले. मामा आधी हसत होता, मग स्वतःच एकेक सांगायला लागला.

वही हॉस्टेलवर न्यायचं ठरलं होतं. निघताना मी ती ग्राइंडरशेजारच्या फळीवर ठेवली आणि माझ्यासाठी झेरॉक्स काढून आणली. पहिल्या पानावर नाव मामाचं आहे.