दहा दिवसांचे बाळ आणि डॉक्टर झालेली आई

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही माहीत असते. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली पहिली भारतीय स्त्री, ही त्यांची ओळख. पण त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाची सुरुवात फिलाडेल्फियातल्या वर्गात झाली नाही. ती झाली एका बाळंतिणीच्या खोलीत, आणि त्या खोलीतली बाळंतीण त्या स्वतःच होत्या. तेव्हा त्यांचे वय होते अवघे चौदाच्या आसपास.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव यमुना. घराणे कल्याणच्या जोशींचे. एकेकाळी जमीनजुमला असलेले, पण पुढे ओढगस्तीला आलेले. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी टपाल खात्यात कारकून, बिजवर आणि तिच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव हट्टी आणि तापट होते. पण बायकोने शिकले पाहिजे, हाही त्यांचा एक हट्टच होता. अभ्यासात हयगय झाली की प्रसंगी मारही बसे. अलिबाग, कोल्हापूर, पुढे कलकत्ता अशा बदल्या होत गेल्या आणि आनंदीबाई शिकत गेल्या.

याच काळात त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली असती तर तो वाचला असता, ही खंत त्या कोवळ्या आईच्या मनात कायमची राहिली. पुढचे सारे आयुष्य त्या खंतीतून उभे राहिले.

वाढत्या वयातले गर्भारपण

चौदा वर्षांच्या मुलीच्या शरीरात गर्भारपणात काय घडते, याची आज वैद्यकाला बरीच माहिती आहे. पाळी सुरू झाली म्हणजे मुलगी आई व्हायला तयार झाली, असा समज पूर्वी होता आणि काही घरांत तो अजूनही आहे. तो चुकीचा आहे. पाळी सुरू झाल्यानंतरही काही वर्षे उंची वाढत असते. कमरेच्या हाडांचा पिंजरा, ज्यातून बाळाला बाहेर यायचे असते, तो पूर्ण रुंद व्हायला तर उंचीपेक्षाही अधिक काळ लागतो. त्यामुळे फार लहान वयात बाळंतपण अडण्याचा धोका वाढतो. याच वयात गर्भारपणातला रक्तदाब, झटके येणे, रक्तक्षय आणि बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग यांचे प्रमाणही जास्त असते.

दुसरा प्रश्न अन्नाचा. वाढत्या वयाच्या आईचे शरीर स्वतःसाठीही पोषण मागत असते. आई आणि बाळ यांच्यात जणू एकाच ताटासाठी ओढाताण सुरू होते. अमेरिकेतल्या कॅम्डेन शहरात विसाव्या शतकाच्या अखेरीस किशोरवयीन गर्भवतींचा अभ्यास झाला. ज्या मुलींची स्वतःची वाढ चालू होती, त्यांचे गर्भारपणात वजन चांगले वाढले. तरीही त्यांची बाळे सरासरीने सुमारे दीडशे ग्रॅम हलकी भरली. आईचे शरीर साठवलेली चरबी स्वतःकडेच राखून ठेवत होते. हे कॅम्डेन म्हणजे डेलावेअर नदीच्या एका काठावरचे शहर. पलीकडच्या काठावर फिलाडेल्फिया आहे, जिथे आनंदीबाई शिकल्या.

जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेल्या बाळाला कमी वजनाचे बाळ म्हणतात. असे बाळ लवकर गार पडते, त्याला अंगावर ओढायला जोर पुरत नाही आणि जंतुसंसर्ग चटकन होतो. नवजात बाळाच्या आयुष्यातला पहिला आठवडा सर्वांत नाजूक असतो. आनंदीबाईंच्या काळी घरच्या बाळंतपणात बाळाचे वजन करण्याची पद्धतच नव्हती. अंधारी खोली, शेगडीचा धूर, नाळ कापायला घरातलेच एखादे हत्यार आणि मदतीला सुईण, अशी सर्वसाधारण परिस्थिती होती. जखमेतले जंतू मारण्याची लिस्टर यांची पद्धत १८६७ मध्ये जगापुढे आली होती, पण ती आपल्याकडच्या माजघरापर्यंत पोचायला अनेक दशके लागली. पुरुष डॉक्टरला बाळंतिणीच्या खोलीत प्रवेश नव्हता आणि स्त्री डॉक्टर जवळजवळ नव्हत्याच.

श्रीरामपूर ते फिलाडेल्फिया

हीच अडचण आनंदीबाईंनी नेमकी हेरली. बायकांना संकोचापायी पुरुषाकडून उपचार घेता येत नसतील, तर बायकांनीच डॉक्टर व्हायला हवे. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असताना ते मासिक त्यांच्या हाती पडले. त्यांनी आपण होऊन पत्र पाठवले आणि दोघींत मावशी-भाचीचे नाते जुळले. त्या वेळीच आनंदीबाईंची प्रकृती ठीक नव्हती. अशक्तपणा, डोकेदुखी, मधूनच ताप आणि धाप अशा तक्रारी होत्या. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठवली, पण उपयोग झाला नाही.

परदेशी जाण्याच्या निश्चयावर टीकेचा गदारोळ उठला. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. देशाला स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे हे त्यांनी सांगितले आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे ठामपणे बजावले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, अठराव्या वर्षी, नवरा सोबत नसताना त्या बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या.

फिलाडेल्फियातले पेनसिल्व्हेनियाचे वुमन्स मेडिकल कॉलेज हे खास स्त्रियांसाठी निघालेले वैद्यकीय महाविद्यालय होते. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. थंडी कडाक्याची, जेवण शाकाहारी, वेष नऊवारी लुगड्याचा. आधीच खालावलेली तब्येत आणखी ढासळली आणि पुढे क्षयाने त्यांना गाठले. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून एकच वर्ष झाले होते. पहिले परिणामकारक औषध यायला आणखी साठ वर्षे लागायची होती.

तरी अभ्यास थांबला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा संदेश आला. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले.

आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आयुर्वेदातील ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके या दोन्हींचे संदर्भ त्यात आहेत. वैद्यकाच्या इतक्या शाखांतून त्यांनी हीच शाखा निवडली. स्वतःचे बाळ गमावलेल्या आईने दुसरा कुठला विषय घेतला असता?

न वापरलेली पदवी

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, पण त्या खुर्चीवर बसणे नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथल्या त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक झाले.

त्यानंतर चार वर्षांनी, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. त्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेले, आणि एवढ्याशा बदलावरूनही महाराष्ट्रात रणे माजली. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. अठराची अट यायला १९७८ साल उजाडले.

आजचा हिशेब

कायदा होऊनही प्रश्न संपलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधीच झाले होते. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी साधारण साडेसात टक्के आई झालेल्या होत्या किंवा गर्भवती होत्या.

वयाची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. पस्तिशीनंतरच्या गर्भारपणात मधुमेह, रक्तदाब, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांची शक्यता पुन्हा वाढते. पंचविसाव्या वर्षी डाउन सिंड्रोमचे बाळ होण्याची शक्यता साधारण साडेबाराशेत एक असते. पस्तिसाव्या वर्षी ती साडेतीनशेत एक आणि चाळिसाव्या वर्षी शंभरात एक होते. म्हणून उशिरा आई होणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये, पण तपासण्या मात्र टाळू नयेत. वय हा एकटा गुन्हेगार नसतो. आईची उंची, वजन, हिमोग्लोबिन, दोन बाळंतपणांतले अंतर आणि तंबाखू-मिश्रीची सवय, या सगळ्यांचा बाळाच्या वजनावर परिणाम होतो.

यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या हातात आहेत. मुलीचे लग्न अठराच्या आत करू नये, आणि नंतर झाले तरी पहिल्या बाळाची घाई करू नये. दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घ्यावे. गर्भारपणात हिमोग्लोबिन कितीही असले तरी लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात. पुढच्या गर्भधारणेआधी किमान दोन वर्षे जाऊ द्यावीत. कुठे बालविवाह ठरत असेल तर १०९८ या क्रमांकावर कळवता येते.

आणि बाळ कमी वजनाचे जन्मलेच, तरी आज ते वाचू शकते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला ऊबदार ठेवणे, वजन करणे, आईचे दूध पाजणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे एवढीच ती साधी कामे. तिथले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये जगासमोर आले. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी येते. दवाखान्यात बाळंतपण झाले असले तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढेही दीड महिन्यापर्यंत तिच्या भेटी ठरलेल्या असतात. तिला दारातून परत पाठवू नये. बाळ दूध ओढत नसेल, गार किंवा तापलेले लागत असेल, धापा टाकत असेल किंवा नेहमीपेक्षा मलूल वाटत असेल, तर उद्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आनंदीबाईंच्या घराच्या दारात त्या दहा दिवसांत अशी कोणी आली नव्हती. ती यावी, म्हणून त्या सातासमुद्रापार गेल्या होत्या.