राधानगरीचे धरण आणि राजर्षींची बांधकामदृष्टी

राधानगरी - नव्या इमारतींचा ‘हरित’ दर्जा ठरविण्याची पद्धत आता शहरांत रुळली आहे. ‘ग्रिहा’ किंवा ‘लीड’सारख्या मूल्यांकनात जागेची निवड, पाणी, ऊर्जा आणि साहित्य यांना गुण मिळतात. मात्र हे गुण बहुधा वास्तू नवी असतानाच दिले जातात. शंभर वर्षांनंतर तीच कसोटी लावायची, तर कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली कामे पाहावी लागतात.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक विधानाने कोल्हापूरच्या गादीवर आले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला आणि थोड्याच काळात दुष्काळ व प्लेग ही दोन्ही संकटे एकापाठोपाठ ओढवली. १९०२ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात विलक्षण ठरले. त्या वर्षी त्यांनी इंग्लंडचा प्रवास केला, मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि संस्थानाचे पाटबंधारे धोरणही आखले. आरक्षणाची चर्चा आजही होते. पाटबंधाऱ्यांची आठवण मात्र जयंतीपुरतीच निघते.

त्या धोरणातले सर्वांत मोठे स्वप्न म्हणजे भोगावतीवरील धरण. फेजिवडेजवळ दोन डोंगरांमधली जागा निवडण्यात आली, कन्या राधाबाई यांच्या नावाने राधानगरी वसली आणि जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. पैसा अपुरा पडल्याने दगडी बांधकाम अर्ध्यावर थांबले. ६ मे १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, महाराजांचे मुंबईत निधन झाले. धरणाने पूर्ण उंची गाठली ती थेट १९५० च्या दशकात.

आज सुमारे ८.३६ टीएमसी पाणी साठविणाऱ्या या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानेच उघडतात. त्यांना वीज लागत नाही. एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक विसर्ग होतो. धरण पूर्ण झाले ते महाराजांच्या पश्चात, त्यामुळे या दरवाजांचे श्रेय त्यांना देणे योग्य होणार नाही. जागेची निवड मात्र त्यांच्याच काळातली. सोडलेले पाणी मुख्यतः नदीच्याच पात्रातून वाहते आणि ठिकठिकाणच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडते. लांबलचक कालव्यांसाठी जमीन खर्ची पडली नाही, ही बाब कोणत्याही मूल्यमापकाने नोंदवावी अशीच आहे.

अर्थात हिशेबाला दुसरी बाजूही आहे. खोऱ्यातील जमीन आणि झाडी पाण्याखाली गेली. पुढे खाली याच पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढले आणि ऊस हे तहानलेले पीक. राजर्षींविषयीच्या आदरापोटी हे रकाने कोरे ठेवणे, हे त्यांच्यासारख्या रोखठोक राजाला मानवले नसते, असे वाटते.

कोल्हापुरात १९१२ चे खासबाग मैदानही पाहण्याजोगे आहे. येथे छप्पर नाही, खांब नाहीत. मध्यभागी खोलगट हौदा आणि भोवती चढत गेलेली मातीची उतरण, एवढ्यावर हजारो प्रेक्षकांना कुस्ती विनाअडथळा दिसते. दिवसा उजेडासाठी किंवा वाऱ्यासाठी वेगळी सोय करण्याची गरजच पडत नाही. शेजारचे १९१५ चे पॅलेस थिएटर, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.

इकडे राधानगरीच्या जलाशयाभोवतीचे अरण्य गव्यांसाठी राखलेले आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत या अभयारण्याचा समावेश झाला.