पाद्री थॉमस स्टीफन्स : मराठी ख्रिस्तपुराणाचे कर्ते

महोत्सवाच्या या स्मरणिकेंत, आपल्या धर्मग्रामांत सेवा करून गेलेल्या एखाद्या धर्मगुरूचें चरित्र न देतां, चारशें वर्षांपूर्वीं घाटाखालीं गोव्यांत देह ठेवलेल्या एका परदेशी पाद्रींचें चरित्र कां दिलें, असें कांहीं वाचक विचारतील. बाप्तिस्मा झाल्यावर माणसाच्या आत्म्याचें पोषण कशानें व्हावयाचें, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामापुढें नित्य उभा असतो. आणि मराठी भाषेंत त्याला पहिलें मोठें उत्तर या पाद्रींनीं दिलें, एवढेंच कारण पुरे आहे.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत, बुश्टन गांवीं, एका व्यापाऱ्याच्या घरीं झाला. एलिझाबेथ राणीच्या अमदानींत कॅथलिक धर्म उघडपणें पाळणें तेथें धोक्याचें झालें होतें. थॉमस पाउंड नांवाच्या एका श्रीमंत मित्राचे आपण नोकर आहों, असें भासवून स्टीफन्स कांहीं काळ त्याच्याबरोबर हिंडले. दोघांनीं रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करावयाचें ठरविलें. पण निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले, आणि त्यांच्या आयुष्याचीं जवळजवळ तीस वर्षें बंदिवासांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोंचले. १५७५ च्या ऑक्टोबरांत संघानें त्यांस आंत घेतलें.

४ एप्रिल १५७९ रोजीं त्यांनीं लिस्बनचा किनारा सोडला व २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. या सफरीचें वर्णन त्यांनीं वडिलांना पत्रानें कळविलें. तें पत्र पुढें इंग्लंडांत छापलें गेलें. कांहीं वर्षांनीं राल्फ फिच व त्याचे सोबती हे इंग्रज व्यापारी कैदी म्हणून गोव्यास आणले गेले, तेव्हां त्यांची जामिनावर सुटका व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत स्टीफन्स होते. ज्या देशांत आपल्या धर्माला थारा नव्हता, त्या देशच्या माणसांसाठीं त्यांनीं हें केलें.

गुरुदीक्षा मिळाल्यावर त्यांची रवानगी साष्टींत झाली. ही साष्टी म्हणजे मुंबईजवळची नव्हे. मडगांव, राचोल हीं गांवें जींत आहेत ती गोव्याची साष्टी. तेथें काम सोपें नव्हतें. १५६७ सालीं पोर्तुगीज सत्तेनें तेथील देवळें पाडलीं होतीं. लोकांच्या जुन्या पोथ्यांवरही बंदी आली होती. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें फादर रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार संघबंधु मारले गेले, तेव्हां स्टीफन्स साष्टींतच होते. राज्यसत्तेच्या जोरावर जें झालें, त्यांत आजच्या ख्रिस्ती माणसानें अभिमान बाळगावा असें कांहीं नाहीं, आणि महोत्सवाच्या अंकांत तें झांकूनही ठेवूं नये, असें मला वाटतें.

स्टीफन्स यांचा मोठेपणा असा कीं, लोकांपासून काय हिरावलें गेलें आहे, हें त्यांनीं ओळखलें. आपल्या ग्रंथाच्या आरंभींच त्यांनीं एक प्रसंग घातला आहे. साष्टींतील एका ख्रिस्तमंदिरांत मुलांचें धर्मशिक्षण चाललें असतां एक ब्राह्मण ख्रिस्ती पुढें येतो व विनवितो कीं, आपण शिकवितां तें चांगलें आहे; परंतु पूर्वीं आम्हांस पुराणें ऐकावयास मिळत, त्यांच्या जागीं आतां कांहीं मिळेल काय ? कोल्हापुरांत श्रावणांत शेजारच्या घरीं पोथी लागलेली ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना या विनंतीचा अर्थ समजावून सांगावयास नको. प्रश्नोत्तरें पाठ केल्यानें श्रद्धेचा सांगाडा उभा राहतो. पण त्यावर मांस चढावयास कथा लागते, चाल लागते, चार माणसांत बसून ऐकणें लागतें.

दुसरा एखादा पाद्री अशा विनंतीला रागावला असता. स्टीफन्स यांनीं लेखणी घेतली. ते कोंकणी बोलत, मराठी ग्रंथ वाचीत, संस्कृताचाही त्यांस परिचय होता. भावाला १५८३ सालीं लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं येथील भाषांचें लॅटिन व ग्रीक यांच्याशीं असलेलें साम्य नमूद केलें आहे. ज्या ओवींत ज्ञानेश्वरांनीं गीतेवर भाष्य केलें व त्याच काळांत पैठणच्या एकनाथांनीं भागवत रचिलें, तीच ओवी स्टीफन्स यांनीं घेतली, आणि साध्या माणसांना कळावें म्हणून मराठींत कोंकणी शब्द मिसळले. पहिल्या पुराणांत विश्वाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंतचा जुना करार आला आहे. दुसऱ्यांत प्रभु येशू ख्रिस्ताचें चरित्र. दोन्ही मिळून ओव्या होतात १०,९६२. हें सर्व त्यांनीं धर्मग्रामाचीं दैनंदिन कामें सांभाळून केलें.

ग्रंथ छापण्याची वेळ आली, तेव्हां एक अडचण उभी राहिली. स्टीफन्स यांची इच्छा ग्रंथ येथल्याच लिपींत निघावा अशी होती. १६०८ सालीं त्यांनीं रोमला येशूसंघाच्या प्रमुखांना तसें पत्रही लिहिलें. येथील अक्षरांना सुमारें सहाशें खिळे लागतील. पण युक्तीनें ती संख्या दोनशेंवर आणतां येईल, असा हिशेब त्यांनीं त्यांत मांडला होता. तें घडलें नाहीं. १६१६ सालीं राचोल येथें ख्रिस्तपुराण निघालें तें रोमन अक्षरांत. तरी रविवारीं व सणावारीं मिस्सा झाल्यावर तें ख्रिस्तमंदिरांत वाचलें जाऊं लागलें, आणि ज्यांना एक अक्षरही वाचतां येत नव्हतें, त्यांच्या कानीं प्रभूचें चरित्र त्यांच्याच चालींत पडूं लागलें. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या.

दुसऱ्या आवृत्तीपर्यंत कर्ते हयात नव्हते. चाळीस वर्षें या भूमींत काढून १६१९ सालीं त्यांनीं गोव्यांतच देह ठेवला. त्यांची धर्मप्रश्नोत्तरी १६२२ सालीं व कोंकणीचें व्याकरण १६४० सालीं छापलें गेलें. भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांत तें पहिलें मानितात.

यानंतरचा काळ दुःखाचा आहे. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला, व ज्या भाषेसाठीं स्टीफन्स झिजले तिचेंच तोंड बंद करण्याचा उद्योग सुरू झाला. त्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांमुळें. गोवें सोडून दक्षिणेस मंगळूर प्रांतीं गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्याच्या नकला करून जपल्या, घरीं वाचल्या, मुलांना ऐकविल्या. तेथेंच १९०७ सालीं जोसेफ सालढाणा यांनीं अशीं हस्तलिखितें ताडून ग्रंथ पुन्हा छापविला. पण तोही रोमन लिपींतच. संपूर्ण ख्रिस्तपुराण देवनागरींत छापून मराठी वाचकांच्या हातीं आलें तें १९५६ सालीं, पुण्यास, शांताराम बंडेलू यांच्या खटपटीनें. म्हणजे पाद्री स्टीफन्स यांनीं रोमला खिळ्यांचा हिशेब कळविल्यानंतर ३४८ वर्षांनीं.